बासष्टपैकी बासष्ट

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ज्ञानेशच्या फोनवर रोजच्यासारखा निरोप आला: 'सर्व ठीक. बासष्टपैकी बासष्ट केंद्रे चालू. बॅकअप चालू.' आणि सहा वाजून बारा मिनिटांनी त्याच फोनवर नरसिंहपूरच्या द्वारकाबाईंचा आवाज आला, मागे एसटीची घरघर. "साहेब, मी निघालीय बगा. यंत्र पोत्यात घातलंय. इंदापुरात कुठं ठिवू?" ज्ञानेश बारामतीतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दात घासत उभा होता. तोंडात फेस असल्यामुळे "कुठलं यंत्र?" हा प्रश्न नीट उमटला नाही. पण द्वारकाबाई नऊ वर्षं दूध संकलन केंद्र चालवत होत्या, आणि भल्या सकाळी मिश्री तोंडात धरून रांगेत उभ्या राहणाऱ्यांचं बोलणं कळायची त्यांना सवय होती. "कुठलं म्हंजी? आपलंच की. केंद्रातला कंप्युटर. सोमवारी त्यातनं धूर निघाला आन् गप झाला. आज सभेला यायचंच हाय, म्हटलं संगट घिऊन यावं. का वं, तुमाला कळलं न्हाय व्हय?" ज्ञानेशने खाली रस्त्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. "कळलं, कळलं," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे, मावशी." आणि फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं की हे वाक्य त्याने ठरवून म्हटलेलं नव्हतं. तोंडात तयार होतं, ते बाहेर आलं.

आजचा गुरुवार उगवला होता तो त्याच्या सत्कारासाठी. ज्या दूध संघात तो नोकरीला होता, त्या संघाची वार्षिक सभा साडेअकराला इंदापुरात होती, आणि कार्यक्रमपत्रिकेवर सहाव्या क्रमांकावर छापलं होतं, 'तीन वर्षे अखंड सेवेबद्दल संगणक विभागाचे श्री. ज्ञानेश यांचा शाल व श्रीफळ देऊन सन्मान'. संगणक विभाग म्हणजे तो एकटाच. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या बासष्ट गावांतली संकलन केंद्रं एकमेकांना जोडलेली आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी त्याने एक शेल स्क्रिप्ट लिहिली होती. शेल स्क्रिप्ट म्हणजे फार काही नाही. यंत्राला एकाखाली एक लिहून दिलेली कामांची यादी: प्रत्येक गावासाठी एक पहारेकरी उभा कर, तो उभा आहे का बघ, पडला तर उठव, मग सगळ्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेव, आणि सकाळी साहेबांना कळव. तिचं नाव त्याने ठेवलं होतं 'राखणदार'. हे नाव ऐकून आबा, म्हणजे त्याचे वडील सोपानराव, कऱ्हाटीच्या पारावर तीन दिवस तेच सांगत होते. काल संध्याकाळी ते पिशवीभर वांगी, नवी टोपी आणि इस्त्रीचं धोतर घेऊन मुक्कामी आले होते. चारलाच उठून, आंघोळ करून, टोपी घालून ते आता हॉलमधल्या सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, कारण पूर्ण टेकून बसलं तर धोतराची इस्त्री मोडली असती.

फेस ओठांवर वाळून ताणायला लागला तरी ज्ञानेश गॅलरीतून हलला नाही. नरसिंहपूर पोत्यात आहे. नरसिंहपूर चालू आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतील अशी एखादी फट त्याचं मन शोधत होतं, आणि मन असं की ज्याला चोरी झाल्यावर आधी कुलूप चांगलं होतं हे सिद्ध करावंसं वाटतं. कदाचित निरोप जुना असेल. कदाचित मावशींनी केंद्रातला कंप्युटर समजून दुसरंच काही भरलं असेल, मिक्सर वगैरे. कदाचित सोमवार म्हणजे येता सोमवार. आतून प्रगतीने, त्याच्या बायकोने, "अहो, चहा," अशी हाक मारली आणि तो आत येऊन म्हणाला, "झाली का झोप? झाली ना." प्रगतीने कप ठेवला. मागे एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली होती की तुम्ही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता, मला मधे फक्त उभं करता. तेव्हा तो हसला होता. आज ते वाक्य चहाबरोबर परत घशात आलं, का ते कळेना. "सगळं ठीक?" आबांनी सोफ्यावरून विचारलं. "सगळं ठीक," ज्ञानेश म्हणाला, आणि लॅपटॉप घेऊन बेडरूमचं दार लावून बसला.

त्याने स्क्रिप्टला स्थिती विचारली. बासष्ट ओळी सरसर खाली आल्या, प्रत्येकीपुढे 'चालू'. त्याने फक्त नरसिंहपूर विचारलं. 'नरसिंहपूर: चालू.' वडगाव निंबाळकर विचारलं. चालू. इतकं तत्पर, इतकं नम्र उत्तर की राग यावा. मग त्याच्या हातून एक पोरकटपणा घडला. त्याने गावाच्या नावाच्या जागी 'हिमालय' असं टाइप केलं. 'हिमालय: चालू.' त्याने 'लंडन' विचारलं. लंडनही चालू होतं. 'आबा: चालू.' 'वांगी: चालू.' शेवटी धीर करून त्याने स्वतःचं नाव टाइप केलं, आणि राखणदाराने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, 'ज्ञानेश: चालू.' तेवढ्यात दाराबाहेरून प्रगती म्हणाली की शर्ट निळा काढू का पांढरा, आणि तो म्हणाला, "चालू." मग बाहेर कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला.

चूक काय ती त्याला एका मिनिटात कळली, आणि ती इतकी जुनी, इतकी बाळबोध चूक होती की कॉलेजात दुसऱ्या वर्षाला ती करणाऱ्या पोराला तो हसला असता. यंत्रात त्या घडीला जी जी कामं चालू असतात त्यांच्या यादीत स्क्रिप्ट त्या त्या गावाचं नाव शोधायची. पण शोधणं हेही एक कामच. तेही त्याच यादीत असतं, आणि ज्याला शोधायचं त्याचं नाव त्याच्या कपाळावर लिहिलेलं असतं. म्हणजे मोरगावच्या यात्रेत हरवलेल्या माणसाला शोधायला निघालेल्याने मोठ्याने त्याच्या नावाने हाक मारावी, ती स्वतःचीच हाक कानी पडावी, आणि त्याने समाधानाने म्हणावं, चला, सापडला. बासष्टच्या बासष्ट पहारेकरी केव्हाच मरून पडले होते. स्क्रिप्ट रोज सकाळी प्रश्न विचारत होती आणि स्वतःचाच प्रश्न ऐकून 'सर्व ठीक' कळवत होती. आणि याची गंमत, किंवा ज्याला पाप म्हणावं ते, हे होतं की मूळ स्क्रिप्टमध्ये ही चूक नव्हती. ओळीच्या शेवटी त्याने एक लहानसं शेपूट लावलं होतं, ज्याचा अर्थ 'स्वतःला वगळून शोध' एवढाच. ते शेपूट त्यानेच कापलं होतं. खंडेनवमीला.

खंडेनवमीला संघाच्या इंदापूर शाखेत हत्यारांची पूजा असते. दुधाची प्रत तपासायची यंत्रं, तराजू, डॉक्टरांची बॅग, टँकरच्या किल्ल्या, वायरमनची पक्कड, सगळं एका सतरंजीवर मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. ज्ञानेशकडे ठेवायला काही नव्हतं. पहिल्या वर्षी त्याने माऊस ठेवला, तर ड्रायव्हर मंडळी दिवसभर त्या बिचाऱ्या माऊसला नमस्कार करून हसत होती. "ज्याच्यावर पोट हाय त्याला कुंकू लागलंच पायजे," असं आबा फोनवर म्हणाले होते. मग गेल्या खंडेनवमीला त्याला सुचलं की आपलं हत्यार म्हणजे स्क्रिप्ट. ती कागदावर छापावी. छापली, तर दीड पान झालं. दीड पान सतरंजीवर कसं दिसतं? एक पूर्ण पान आणि दुसऱ्यावर अर्ध्यापर्यंत ओळी, खाली मोकळा कागद. पूजेला अपुरं वाटतं. त्याने रिकाम्या ओळी काढल्या, सूचना काढल्या, तरी दोन ओळी उरल्याच, कारण त्या शेपटांमुळे ओळी तुटून दोन-दोन होत होत्या. त्या क्षणी त्याला ती शेपटं कुरूप वाटली होती, हे त्याला आता लख्ख आठवलं. स्वतःला वगळून शोध! कशाला? त्याने ती काढली, स्क्रिप्ट एका पानात चपखल बसली, त्यावर झेंडूचं फूल ठेवलं, फोटो काढला. निघताना लॅपटॉपने विचारलं, बदल जतन करायचे का. बोटाला कुंकू होतं, म्हणून त्याने करंगळीने 'हो' दाबलं. तो कागद अजून त्याच्या टेबलाच्या काचेखाली होता.

केंद्रं बंद असती तरी एक वेळ भागलं असतं. गावाला तार तुटली की लोक फोन करतात, कुणीतरी जाऊन जोडतं, तसंच वर्षभर चाललं असणार. खरा घोर पुढे होता. बॅकअप सुरू करण्याआधी स्क्रिप्ट विचारायची, बॅकअप आधीच चालू आहे का? असेल तर दुसरा सुरू करू नकोस, एकावर एक होईल. आणि शेपूट कापल्यापासून दररोज तिला स्वतःचीच हाक ऐकू येत होती: हो, चालू आहे. म्हणून ती दररोज शहाण्यासारखी गप्प बसत होती. ज्ञानेशने प्रतींची यादी उघडली. शेवटच्या प्रतीवर तारीख होती खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची. अकरा महिने. आणि नोंदी कसल्या, तर जनावरांच्या: एक्केचाळीस हजार गाई, प्रत्येकीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तिची आई, आईची आई, बाप कुठला वळू, कधी भरवली, कधी व्याली, कुठली लस कधी टोचली. ज्ञानेशला स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नसे, पण कऱ्हाटीतल्या कुठल्याही गाईच्या चार पिढ्या तो बसल्या जागी सांगू शकायचा. या नोंदी गेल्या तर उद्या कुणाच्या दावणीची कालवड तिच्याच बापाकडून भरवली जाईल आणि कुणाला कळणारही नाही. वासरू आंधळं जन्मल्यावर कळेल. हे सगळं एका आठ वर्षं जुन्या डिस्कवर, इंदापूरच्या मागच्या खोलीत, औषधांच्या फ्रिजशेजारी फिरत होतं, आणि ती डिस्क गेला महिनाभर खडे चावल्यासारखा आवाज करते हे फ्रिज पुसणारी बाई त्याला दोनदा सांगून गेली होती. दोन्ही वेळा त्याने फोनमधला निरोप दाखवला होता. बाईने तो वाचून सॉरी म्हटलं होतं. सात वाजून पाच मिनिटांनी त्याने हाताने प्रत काढायला लावली. पडद्यावर एक टक्का झाला. अंदाजे वेळ, पाच तास वीस मिनिटं.

गाडी त्यानेच चालवली. प्रगतीला शाळेत परीक्षा होती, ती येणार नव्हती, जाताना तिने निळा शर्ट हातात दिला आणि "काय झालंय?" असं विचारलं, आणि तो म्हणाला, "काय होणार? काही नाही." आबा शेजारी टोपी सांभाळत बसले होते. भवानीनगर मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, आणि ज्ञानेश दर गतिरोधकाला फोनकडे बघत होता. अठरा टक्के. बावीस. शंभराचं स्वप्न बघावं तर एकतीसलाच आकडा अडून बसला आणि लासुर्णे येईपर्यंत हलला नाही. त्याच्या मनाने मात्र चांगला वेग घेतला होता. समज, प्रत पूर्ण झाली. मग कुणाला कळणार आहे? शेपूट परत लावायचं, पहारेकरी उठवायचे, पोतं मागच्या खोलीत ठेवायचं, शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, घरी जायचं. चूक दुरुस्त झाली की ती चूक राहते का? ती तर फक्त एक जुनी गोष्ट होते. आणि द्वारकाबाई तर त्याला 'साहेब' म्हणतात. या विचाराने त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने रेडिओ लावला. आबांनी तो बंद केला. "भोरड्या आल्यात," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. तारांवर पाखरं ओळीने बसली होती. "या वक्ताला लवकर आल्या."

भोरड्या म्हटलं की ज्ञानेशला अजूनही एक माळा आठवायचा. तो नऊ वर्षांचा असताना कऱ्हाटीच्या शेतात शाळू हुरड्याला आला होता आणि आबांनी त्याला माळ्यावर गोफण देऊन बसवलं होतं: पाखरं आली की ओरडायचं. पहिला तास तो ओरडला, गोफण फिरवली, एक दगड स्वतःच्याच गुडघ्यावर मारून घेतला. मग त्याला शोध लागला की ओरडायला डोळे उघडे लागत नाहीत. टोपी तोंडावर घेऊन, पाठीवर पडून, दर थोड्या वेळाने 'हाऽऽ हू' म्हणत राहिलं तरी विहिरीकडच्या आबांना ते ऐकू जायचं आणि बांधावर बसलेल्या आईला पण. हाक चालू म्हणजे राखण चालू. उन्हाने पोळल्यावर त्याने टोपी काढली, तेव्हा मधल्या पट्ट्यातली कणसं भोरड्यांनी निम्मी सोलून ठेवली होती आणि तो त्यांच्या डोक्यावर बसून हाऽऽ हू करत होता. संध्याकाळी आबांनी पट्ट्यातून एक चक्कर मारली. मग गोफण गुंडाळून काखेत घेतली. आईने त्याला गुळशेंगदाणे दिले, घसा बसला असेल म्हणून. ती आता नाही. पण ते शेंगदाणे खाताना आलेली शरम इतकी वर्षं त्याने कुणाला सांगितली नव्हती, आणि आज पहिल्यांदा त्याला वाटलं की स्क्रिप्ट आपण तीन वर्षांपूर्वी नाही, त्या माळ्यावरच लिहिली.

इंदापूर शाखेच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत द्वारकाबाई बसल्या होत्या. नऊवारी, डोक्यावरून पदर, आणि दोन पायांच्या मधे खताचं धुतलेलं पोतं, तोंड सुतळीने बांधलेलं, एक काळी वायर बाहेर लोंबणारी. ज्ञानेश वाकून त्यांच्या कानाशी गेला. "मावशी, हे मागच्या खोलीत ठेवता का?" त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. बायका दुधात बोट घालून पाणी ओळखतात, तसं पाहिलं. "सकाळच्याला फोनवर तुमी म्हनला कळलं," त्या हळूच म्हणाल्या. "कळलं नव्हतं न्हवं?" ज्ञानेशने लोंबणारी वायर पोत्यात सरकवली. "मी काय बोलत न्हाय. आमच्या गावच्या चारशे गाई मला तोंडपाठ हायत्या. बाकी एकसष्ट गावांचं तुमी बगा." असं म्हणून त्यांनी पोतं आणखी जवळ ओढलं. आबा त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले, अर्थात कडेला. ज्ञानेशने खिशातला फोन पाहिला. अडुसष्ट टक्के.

अध्यक्ष महिपतराव बोलायला उभे राहिले की माइकला त्रास व्हायचा. त्यांना सकाळचा निरोप स्वतःच्या फोनवर हवा म्हणून त्यांनी ज्ञानेशकडून नाव घालून घेतलं होतं आणि वर्षभर ते तो निरोप पाहुण्यांना दाखवत आले होते. "तीन वर्षं!" ते गरजले. "एक दिस खाडा न्हाय! ह्यो बगा आज सकाळचा निरोप, वाचून दावतो. बासष्टपैकी बासष्ट!" टाळ्या. "आरं, नरसिंहपूर! भीमा-नीरेच्या संगमावर, पार तालुक्याच्या टोकाला! तितलं बी चालू! द्वारकाबाई आल्यात का? उभ्या ऱ्हावा!" द्वारकाबाई उभ्या राहिल्या. पोतं खाली ठेवलं तर कुणी लाथेने उडवील म्हणून त्यांनी ते मानेला धरून उचललं. सभेने वळून पाहिलं. महिपतरावांनी चष्मा वर सरकवला. "पोत्यात काय आनलंय, बाई?" द्वारकाबाईंनी व्यासपीठाकडे, तिथे निळ्या शर्टात बसलेल्या ज्ञानेशकडे पाहिलं. मग ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "वांगी." आबांनी शेजारच्या पोत्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी वांगी पिकवली होती. वांग्याला कोपरे नसतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मान हळूहळू वर केली आणि तेही ज्ञानेशकडे पाहू लागले.

ज्ञानेशला पुढे कधीही नीट सांगता आलं नाही की तो का उठला. धैर्याने उठला म्हणावं तर आधी त्याने दाराकडे पाहिलं होतं. त्याला एवढंच वाटलं की आपल्यासाठी एक साठीची बाई भर सभेत खोटं बोलली आणि ती उभी आहे, आपण बसलोय. त्याने माइक घेतला. "वांगी नाहीत," तो म्हणाला. "पोत्यात नरसिंहपूर आहे." मग थांबता येईना. त्याने सगळं सांगितलं: मेलेले पहारेकरी, स्वतःचीच हाक ऐकणारी स्क्रिप्ट, 'हिमालय चालू', आणि अकरा महिने न निघालेली प्रत. खंडेनवमीचं एक पान सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतल्या ड्रायव्हरांमध्ये हसू फुटलं, पण गाईंच्या नोंदींवर आला तसं ते विरलं. "मग आमच्या गाईंचं काय?" मागून कुणीतरी ओरडलं. "गेलं का ऱ्हायलं?" ज्ञानेशने उत्तरासाठी तोंड उघडलं. तिथे नेहमीचं तयार वाक्य होतं, जिभेच्या टोकावर. त्याने ते गिळलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "सकाळपासून प्रत काढतोय. पूर्ण होईल का डिस्क आधी मरेल, मला माहीत नाही." तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. सगळी सभा पुढे झुकली. त्याने फोन काढून पाहिला. प्रगतीचा निरोप होता: 'झाला का सत्कार? शाल कुठल्या रंगाची?'

महिपतराव बराच वेळ बोलले नाहीत. हीच मुळात मोठी घटना होती. शाल घडी उलगडून त्यांच्या हातात तयार होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, निरोप असलेल्या आपल्या फोनकडे पाहिलं, आणि मनातल्या मनात तो निरोप ज्यांना ज्यांना दाखवला होता त्या पाहुण्यांची यादी करत असावेत असा त्यांचा चेहरा झाला. "शाल उलगडली की माघारी घडी घालत न्हाईत," ते शेवटी म्हणाले. "वर्सभरात खरं काय ते घिऊन आलेलं मानूस एकच दिसतंय. पोत्यात घालून." आणि खाली उतरून त्यांनी ती द्वारकाबाईंच्या खांद्यावर घातली. टाळ्या ज्ञानेशच्या वाट्याला कधी आल्या नसत्या इतक्या वाजल्या. "नारळ तू घे," ते वळून म्हणाले. "त्या यंत्रापुढं फोड. आन् सोमवारपासनं बासष्टच्या बासष्ट केंद्रांवर सोताच्या पायानं जायाचं. डोळ्यानं बगून यायचं. मंग मला कळवायचं." प्रत एक वाजायला दहा मिनिटं असताना पूर्ण झाली. ज्ञानेश मागच्या खोलीत फ्रिजला टेकून उभा होता, हातात नारळ. तासभर गप्प राहिलो असतो तर शाल खांद्यावर असती, हा विचार त्याला आलाच. तो काही संत नव्हता. पण एक्केचाळीस हजार गाई आपापल्या आयांसकट सापडल्या या आनंदाने त्याचे डोळे भरून आले, आणि फ्रिज पुसणाऱ्या बाईला त्याने वाकून नमस्कार केला. ती घाबरून बाहेर गेली.

परतताना निमगाव केतकीला त्यांनी चहासाठी गाडी थांबवली. नवी टोपी आबांनी काढून गुडघ्यावर ठेवली होती, आणि ती टोपी बघवत नव्हती. "आबा, चुकलं माझं," ज्ञानेश म्हणाला. आबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "माळ्यावर तू झोपला हुतास, ते मला तवाच ठावं हुतं," ते म्हणाले. ज्ञानेशचा कप हवेत राहिला. "कसं?" "आरं, जागा राखन्या एका सुरात वरडत न्हाय. मधीच खोकतो, मधीच पाखराला आय-भैनीवरनं शिवी घालतो, मधीच पानी प्यायला गप बसतो. तुझं आपलं तासभर एकसारकं, हाऽऽ हू, हाऽऽ हू. म्हटलं, झोपलं पोरगं." "मग उठवलं का न्हाई?" "तुझी आय बांधावर बसून ऐकत हुती. म्हनली, बगा तरी, किती झ्याक वरडतंय. तिचं मन कशाला मोडायचं? विहिरीच्या अंगानं मीच ढेकळं मारत बसलो. म्हनून निम्मंच गेलं." त्यांनी बशी रिकामी केली, मिशा पुसल्या. मग त्याच्याकडे न बघता, रस्त्यावरून जाणाऱ्या दुधाच्या टँकरकडे बघत म्हणाले, "रोज सांजच्याला फोनवर बी तू तसाच वरडतोस. सगळं ठीक, सगळं ठीक. एका सुरात." ज्ञानेशच्या छातीत काहीतरी फार दिवसांचं दुखलं, आणि ते दुखणं बरं वाटलं. आबांनी टोपी झटकून पुन्हा डोक्यावर घातली.

शेपूट परत लागलं, काढलेल्या सूचना आणि रिकाम्या ओळीही. आता स्क्रिप्ट दीड पानाची होती आणि येत्या खंडेनवमीला दोन कागद टाचून ठेवायचं त्याने ठरवून टाकलं. शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निरोप आला: 'बासष्टपैकी चव्वेचाळीस चालू. नरसिंहपूर बंद. वडगाव निंबाळकर उत्तर देत नाही. बॅकअप झाला, मधे एकदा अडखळला.' ज्ञानेशने तो गॅलरीत उभं राहून दोनदा वाचला. इतका सुंदर निरोप त्याला वर्षभरात आला नव्हता. सोमवारी तो मोटारसायकलवर निघाला, वडगाव निंबाळकर आणि आणखी तीन गावं करून संध्याकाळी घरी आला, पायरीवर बसूनच बूट काढत होता तेवढ्यात कऱ्हाटीहून रोजचा फोन वाजला. "काय रं," आबा म्हणाले, "सगळं ठीक?" वाक्य जिभेवर आलं होतं. ज्ञानेशने एक बूट खाली ठेवला.

"न्हाई, आबा," तो म्हणाला. "कंबर पार मोडलीय. वडगावला कुत्रं मागं लागलं, पोटरीला दात उमटलेत. आन् प्रगती चार दिवस झालं नीट बोलत न्हाई. तिला काय झालंय ते मी अजून विचारलं न्हाई."

पलीकडे बाज करकरल्याचा आवाज आला. सोपानराव नीट मांडी घालून बसले असावेत. ते थोडं खोकले.

"हां," ते म्हणाले. "आता जागा झालास. बोल."